थांबण्याची तार

यंत्रांनाही झोप असते, असे माझे फार दिवसांचे मत आहे. अर्थात सर्वच यंत्रांना नव्हे. विजेचा दिवा झोपत नाही. तो असतो किंवा नसतो. घड्याळ बंद पडते, पण त्याला कोणी झोप म्हणणार नाही. झोपते ते डिझेलचे मोठे इंजिन. थंडीच्या पहाटे ते उठवावे लागते, आणि उठताना ते घरातल्या एखाद्या कर्त्या म्हाताऱ्यासारखे कुरकुरते, खोकते, पांढरा धूर सोडते. मग एकदा उठून बसले की दिवसभर कामाला हटत नाही. अशा प्राण्याला उठवण्याची एक रीत असते, आणि ती रीत जाणणारा माणूस त्याच्या अगदी जवळ बसलेला असतो. जवळ नसलेल्या माणसाने त्याला उठवायचे म्हटले तर काय काय करावे लागते, हे मी पाहिले ते कॅनडात.

गेल्या हिवाळ्यात एडमंटन येथे माझ्या पुतण्याकडे सहा महिने राहून मी इंदूरला परत आलो. तेथून आलेल्या माणसाला लोक बर्फाविषयी नि पर्वतांविषयी विचारतात. मीही त्यांना गोठलेल्या नदीचे वर्णन ऐकवतो, आणि ते खोटेही नसते. पण मनात जे राहिले आहे ते वर्णन निराळे आहे. ते एका ट्रकचे, आणि त्याच्या स्टिअरिंगखाली दोन दिवस चाललेल्या तारांच्या उद्योगाचे आहे.

ट्रक म्हणताच आपल्याकडे जे चित्र उभे राहते ते येथे उपयोगाचे नाही. पाचजणांना बसता येईल अशी पुढची खोली, मागे उघडा हौदा, आणि एकंदर थाट घरच्या मोटारीचा. अशा वाहनाला त्या देशात ट्रक म्हणतात. पुतण्याचा ट्रक २००३ साली बनलेला, आठ सिलिंडरांचा, डिझेलचा. बॉनेटखाली एकाच्या ऐवजी दोन बॅटऱ्या. आणि पुढच्या जाळीतून, बैलाच्या वेसणीसारखी, एक काळी दोरी बाहेर लोंबत असलेली. तिच्या टोकाला विजेचा प्लग होता. मी कुतूहलाने विचारले, तेव्हा कळले की थंडी वाढली की हा प्लग भिंतीतल्या सॉकेटात खोचून ठेवायचा. त्याने इंजिनच्या पोटातले पाणी कोमट राहते. एडमंटनमध्ये कचेऱ्यांच्या नि इस्पितळांच्या आवारांत गाडी उभी करण्याच्या जागांपुढे अशा सॉकेटांचे खुंट रोवलेले आढळतात, आणि संध्याकाळी तेथे गाड्या दावणीला बांधलेल्या गुरांसारख्या ओळीने उभ्या दिसतात. ही युक्ती मूळ अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यातल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थाची. १९४९ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. उणे तीस अंशांत राहणाऱ्या माणसालाच असे काही सुचावे.

डिझेल इंजिनला एवढे जपावे लागते याला कारण आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याचे मर्म असे की त्यात ठिणगी नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते नि वायूचा भडका उडतो. डिझेलच्या इंजिनात नुसती हवा दाबतात; इतकी दाबतात की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेट घेते. कल्पना फार देखणी आहे. पण बाहेर उणे तीस अंश असले म्हणजे दाबलेल्या हवेची ऊब सभोवतालचे थंडगार लोखंडच शोषून घेते, आणि पेटायला पुरेशी धग उरत नाही. म्हणून अशा इंजिनांत प्रत्येक सिलिंडरमागे एकेक छोटी विजेची कांडी बसवलेली असते. किल्ली अर्धी फिरवली की ती लाल होते. ती लाल होईपर्यंत थांबायचे. पुतण्याच्या ट्रकमध्ये तेवढा वेळ डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागत असे, आणि त्यावर ‘चालू करण्यापूर्वी थांबा’ या अर्थाची अक्षरे होती. दिवा विझला की मग किल्ली पुढे फिरवायची.

हे थांबणे मी पूर्वी पाहिले होते. माझे वडील सियागंजातल्या एका मालवाहतुकीच्या पेढीवर हिशेबनीस होते. १९५४ साली टाटांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेलचे ट्रक बांधायला घेतले. त्यांतले काही साठ सालानंतर आमच्या पेढीवरही आले. आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधव्याचा घाट उतरून जाणारे ते ट्रक पौषातल्या पहाटे पेढीपुढे उभे असत. क्लीनर आधी उठून काच पुसून, उदबत्ती ओवाळून तयार असे. ड्रायव्हर मागाहून येई, पायरीवर हात लावून तो हात कपाळाला नेई, वर चढे, आणि एक कळ ओढून धरी. मग गाडी लगेच सुरू होत नसे. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत बसे. देवासकडचा माळवी माणूस होता. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाला, मारुतीचे नाव अकरा वेळा घेतो. फार गारठा असला तर एकवीस वेळा. घड्याळ त्याच्यापाशी नव्हते. पण गारठा किती नि नाम किती, याचे गणित त्याच्या कानांत नि बोटांत पक्के बसलेले होते.

मोटार हाकणाऱ्याला आपण एके काळी शोफर म्हणत असू. तो फ्रेंच शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ तापवणारा, भट्टी पेटवणारा असा आहे. पूर्वीच्या वाहनांना आधी ऊब द्यावी लागे, ती देणारा तो शोफर. गाडी चालवणे हे त्याचे पुढचे काम. माझा माळवी ड्रायव्हर या अर्थाने अस्सल शोफर होता.

आता एडमंटनच्या त्या घरातली परिस्थिती सांगितली पाहिजे. आमची सूनबाई तेथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. पहाटे साडेपाचला तिला घर सोडावे लागते. त्या वेळी हिवाळ्यात मिट्ट काळोख असतो, आणि सूर्य उगवायला अजून तीन तास अवकाश असतो. तेथील लोक गाडी आधी सुरू करून ठेवतात नि पंधरा मिनिटांनी जाऊन बसतात. पण त्यासाठी किल्ली गाडीतच ठेवावी लागते, आणि चोरांना हे ठाऊक असते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तिची लहान मोटार अशीच दारातून गेली. आठ दिवसांनी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडली. आत जेवणाचा डबा तसाच होता, पण तिच्या आईने विणलेली लोकरीची शाल नव्हती. ती मोटार त्यांनी विकून टाकली. मग हा ट्रक आला, तर याच्या किल्लीत ती चिप नाही. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या नव्या मोटारींना परक्या किल्लीने सुरू न होण्याची व्यवस्था सक्तीची झाली. हा ट्रक त्याच्या चार वर्षे आधीचा. चोराच्या दृष्टीने तो उघड्या दाराचा वाडाच.

तेव्हा गेली दोन वर्षे रिवाज असा पडला होता की पुतण्याने पावणेपाचला उठावे, कोट चढवावा, ट्रकमध्ये जाऊन तो सुरू करावा, आणि आतच बसून राहावे. गाडी उबली की सूनबाईने यावे, त्याने उतरावे, तिने बसावे. त्याची स्वतःची कचेरी नऊला असे. या गोष्टीचा दोघांपैकी कोणी कधी उच्चार करीत नसे. काही घरांत नवरा पहाटे उठून बंब पेटवतो, त्यातलाच हा प्रकार.

ऑक्टोबरच्या मध्याला, पहिला बर्फ पडायच्या आत, पुतण्याने एक खोके आणले. त्यात चोरसूचक भोंगा होता आणि दुरून इंजिन सुरू करण्याची यंत्रणा होती. ओळखीचे एक सरदारजी मदतीला आले. ते मूळचे लुधियान्याचे, मोठ्या मालट्रकांची दुरुस्ती करणारे, बोलण्यात मृदू आणि हाताने अत्यंत निष्ठुर. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत डॅशबोर्डचा खालचा भाग असा उचकटून काढला की मला माझीच बरगडी कोणी काढल्यासारखे वाटले. ट्रक गॅरेजपेक्षा हातभर लांब होता. म्हणून मागचा हौदा बाहेर ठेवून दाराच्या जागी ताडपत्री टांगली. मला कामगिरी मिळाली ती दिवा धरण्याची. ही कामगिरी वयपरत्वे माझ्याकडे पुष्कळ वेळा येते, आणि मी ती आवडीने करतो. दिवा धरणाऱ्याला सर्व काही दिसते नि त्याचे हात मात्र काळे होत नाहीत.

खोक्यातली मुख्य वस्तू म्हणजे तळहाताएवढी एक काळी डबी. तिच्यातून तारांचे झुबकेच्या झुबके बाहेर आलेले. जाड तारा बॅटरीच्या शक्तीच्या आणि किल्लीच्या निरनिराळ्या घरांच्या. बारीक तारा बातम्या आणणाऱ्या. एक तार ब्रेकची: पाय पडला की डबीला कळावे. एक बॉनेटची: बॉनेट उघडले की इंजिन ताबडतोब बंद, म्हणजे पंख्यात कोणाचा हात जाऊ नये. एक दारांची, एक भोंग्याची. स्टार्टरची तार मधोमध कापून तिच्यात एक रिले बसवायचा, की भोंगा जागा असेतो चोराने किल्लीचे घर फोडले तरी इंजिन फिरू नये. पिवळ्या आवरणाच्या तारांना सरदारजी बोटही लावू देत नव्हते. त्या हवेच्या पिशव्यांच्या, आणि चुकून त्यांत वीज गेली तर पिशवी तोंडावर फुटायची. तारा जोडायला बाजारात तयार चिमटे मिळतात. ते त्यांनी हातात घेतले, क्षणभर पाहिले, आणि कचऱ्याच्या बादलीत टाकले. थंडीने धातू आकसतो, चिमटा ढिला पडतो, आणि तो नेमका जानेवारीत ढिला पडतो, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक सांधा त्यांनी सोल्डरने झाळला नि वर टेप गुंडाळली.

एक अडचण खास डिझेलची होती. इंजिन पेटले की स्टार्टर सोडून द्यावा लागतो, आणि ते पेटले हे डबीला कळायचे तर इंजिनच्या फेऱ्या मोजाव्या लागतात. पेट्रोलच्या गाडीत ठिणगीच्या कॉइलवरून त्या मोजता येतात. येथे ठिणगीच नाही. तेव्हा इंजिनवरच्या फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरची तार हुडकून काढावी लागली, आणि त्यात पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाद निघाला. तो होता थांबण्याविषयीचा. हुकूम मिळाल्याबरोबर डबीने स्टार्टर फिरवला तर कांड्या लाल झालेल्या नसणार. इंजिन पेटणार नाही, डबी दोनतीनदा प्रयत्न करून थकून गप्प बसणार, आणि साडेपाच वाजता सूनबाईच्या वाट्याला उतरलेल्या बॅटऱ्या येणार. म्हणून डबीला थांबायला शिकवणे भाग होते. त्याचे दोन मार्ग होते. एक सोपा: डबीत ठराविक सेकंद भरून टाकायचे. सरदारजी म्हणाले, “तीस सेकंड डाल दो, हर मौसम का काम हो गया.” दुसरा कठीण: डॅशबोर्डवरच्या त्या पिवळ्या दिव्याची तार शोधायची आणि तिला डबीतली एक बारीक तार जोडायची, मग दिवा विझेपर्यंत डबी थांबेल, थंडी असेल तितका वेळ, कमी नाही नि जास्त नाही.

सरदारजींचा मार्ग शहाणपणाचा होता, यात शंका नाही. तीस सेकंदांनी कोणाचे काही बिघडत नव्हते. दिव्याची तार शोधायची म्हणजे डॅशबोर्डचा वरचा निम्मा भागही उतरवायचा, आणि छापील नकाशातले रंग गाडीतल्या रंगांशी जुळतीलच असे नाही. पण पुतण्या ऐकेना. स्वभावाने तो हट्टी नाही. तो तारच पाहिजे म्हणून बसला, तेव्हा सरदारजींनी हातातला पाना खाली ठेवून विचारले, की तू रोज स्वतः उठून गाडी सुरू करतोस, मग हा खटाटोप कोणासाठी?

तेव्हा त्याने सांगितले. शहरातली त्याची नोकरी सप्टेंबरअखेर गेली होती. नवी मिळाली होती ती उत्तरेला फोर्ट मॅकमरीच्या तेलवाळूच्या खाणीवर, घरापासून सुमारे साडेचारशे किलोमीटर. चौदा दिवस तिकडे छावणीत, सात दिवस घरी. नोव्हेंबरपासून जायचे. मला हे ठाऊक नव्हते. पाहुण्या काकाच्या जिवाला घोर नको म्हणून दोघांनी लपवले असावे. सूनबाई त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन गॅरेजच्या दारात आलेली होती. ती ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

सरदारजी काही बोलले नाहीत. त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला, “अंकलजी, लाइट ज़रा इधर,” म्हणून पाठीवर आडवे झाले आणि पुन्हा डॅशबोर्डखाली शिरले.

तार सापडायला तीन तास लागले. नकाशात दिलेल्या रंगाच्या दोन तारा निघाल्या. पुतण्या किल्ली अर्धी फिरवी, सरदारजी मल्टिमीटरची सुई एकेका तारेला टेकवीत. पाहिजे होती ती तार दिवा लागलेला असताना शून्य दाखवणार नि विझताच बारा व्होल्ट दाखवणार. सुई टेकवायची, दिवा विझण्याची वाट पाहायची, पुन्हा कांड्या निवेपर्यंत थांबायचे, पुन्हा किल्ली. थांबण्याची तार शोधायला तिच्याहून जास्त थांबावे लागले. शेवटी आकडा शून्यावरून बारावर चढला, तेव्हा पुतण्याने लहानपणी पतंग काटल्यावर ओरडायचा तसा आवाज काढला.

संध्याकाळी परीक्षा झाली. दारे बंद, किल्ली सूनबाईच्या पर्समध्ये, सर्वजण अंगणात. तिने हातातल्या रिमोटचे बटण दाबले. ट्रकचे दिवे एकदा मिचकावले. मग शांतता. तेवढ्या शांततेत मला सियागंजातली पहाट आठवली नाही असे कसे होईल? आणि मग आत कोणी नसताना ते इंजिन कण्हत कण्हत उठले. रिकाम्या खोलीतून कोणी खाकरावे तसे ते वाटले. पुतण्या दार उघडून आत बसला आणि किल्ली न लावताच त्याने ब्रेकवर पाय दिला. इंजिन तत्क्षणी बंद. हाच या यंत्रणेचा सर्वांत शहाणा भाग आहे. गाडी उठते, तापते, वाट पाहते. पण किल्ली असलेल्या माणसाखेरीज कोणाबरोबर जात नाही. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, तेव्हा हँडल मारताना मनगट मोडण्याचे भय गेले आणि माणूस गाडीपुढून उठून आत बसला. आता तो आतूनही उठला आहे.

भोंग्याविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. पहिल्या हिमवर्षावात रात्री दोन वाजता बर्फ काढणारे यंत्र रस्त्याने गेले, त्याच्या हादऱ्याने भोंगा कोकलू लागला, आणि शेजारपाजारच्या खिडक्यांत दिवे लागले. सकाळी सरदारजींनी येऊन एक बारीक स्क्रू पाव फेरा मागे फिरवला. त्यानंतर तो भोंगा एकदाही वाजला नाही. वाजला असता तर मला जरा बरे वाटले असते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुतण्या गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला सूनबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. मला झोप येत नव्हती म्हणून मीही उठलो होतो. तिने बटण दाबले. अंगणात दिवे मिचकावले. तिचे ओठ हलताना मला दिसले. इंजिन लागले तशी ती म्हणाली, “काका, नऊ.” मला प्रथम कळले नाही. मग लक्षात आले की ती सेकंद मोजत होती.

पुढे हा नेमच झाला. घरी रात्री प्लग लावलेला असे. वेळेच्या स्विचवर तो पहाटे तीनला सुरू होई, आणि इंजिन कोमट असल्यामुळे दिवा लवकर विझे: आठ, नऊ, फार तर दहा. दुपारी काम संपले की ती रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आवारातला ट्रक सुरू करी. कामगारांसाठी राखलेल्या तिच्या जागेपुढे सॉकेट नव्हते. तेथला आकडा मोठा असे: चौदा, पंधरा, उणे बत्तीसच्या दिवशी एकोणीस. रात्री नवऱ्याचा फोन आला की इतर बोलणे होण्याआधी हे दोन आकडे सांगितले जात. त्याला जणू हवामानखात्याची गरजच उरली नव्हती. तीस सेकंद भरून ठेवले असते तर रोज तीसच सांगावे लागले असते.

फेब्रुवारीतल्या एका रात्री मी शेजारच्या खोलीत वाचीत पडलो होतो. तिचा आवाज ऐकू आला, “सकाळी पंधरा, संध्याकाळी सतरा.”

पलीकडून काही विचारले गेले असावे. ती जरा वेळ बोलली नाही.

“हो,” ती म्हणाली, “काल रात्री प्लग लावायचा राहिला. फार दमले होते रे.”